नागपूरच्या मैदानाचा जलविभाजक : वाडी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक-भौगोलिक अभ्यास

प्रस्तावना :

इतिहास आणि भूगोल ही दोन शास्त्रे एकमेकांना पूरक आहेत, हे विधान सर्वमान्य असले तरी विदर्भाच्या इतिहासलेखनात नदीचा विचार बहुधा दोनच प्रकारे झालेला आढळतो. एक, राज्याची सीमा म्हणून व दुसरा, तीर्थक्षेत्र म्हणून. नदीखोरे हे एक स्वतंत्र ऐतिहासिक एकक आहे, त्यातील पाणी कोठून येते व कोठे जाते यावर तेथील पीक, वस्ती, करपद्धती आणि संकटेही अवलंबून असतात, हा विचार त्यामानाने कमी झाला आहे. प्रस्तुत शोधनिबंधात नागपूर शहराच्या पश्चिमेस अमरावती मार्गावर वसलेल्या वाडी या गावाच्या परिसराला केंद्रस्थानी ठेवून वर्धा-वैनगंगा मैदानाच्या इतिहासाकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

वाडी हे नाव ऐतिहासिक ग्रंथांत शोधावयास गेल्यास फारसे काही हाती लागत नाही. ते स्वाभाविकही आहे, कारण 'वाडी' म्हणजे मूळ गावापासून दूर असलेली लहान वस्ती. परंतु या लहान वस्तीचे स्थान विलक्षण आहे. वाडीलगतच्या लाव्हा गावाच्या टेकड्यांत नाग नदी उगम पावते. तिचे पाणी अंबाझरी तलावातून नागपूर शहरात, तेथून कन्हान नदीत आणि कन्हानमार्गे वैनगंगेत जाते. याच टेकड्या ओलांडून पश्चिमेस काही किलोमीटर गेल्यास वेणा नदीचे खोरे लागते. वेणेचे पाणी हिंगणा, बुटीबोरी, हिंगणघाट असा प्रवास करून वर्धा नदीस मिळते. म्हणजेच एकाच पावसाचे पाणी येथे दोन नद्यांत विभागले जाते आणि गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वर्धा व वैनगंगा यांच्या संगमावर पुन्हा एकत्र येते. तेथून पुढे त्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात व तो गोदावरीस मिळतो. या दोन फाट्यांमधील व त्यांच्या दोन्ही अंगांची भूमी म्हणजेच सर्वसाधारणपणे ज्यास नागपूरचे मैदान किंवा वर्धा-वैनगंगा मैदान म्हटले जाते ती होय.

मैदानाची जडणघडण :

हे मैदान गंगेच्या मैदानासारखे केवळ गाळाने भरलेले नाही, ही बाब प्रथम लक्षात घ्यावयास हवी. नद्यांच्या काठी गाळाचे पट्टे आहेत, परंतु मैदानाचा बहुतांश भाग हा झिजून सपाट झालेल्या खडकांचा आहे. नागपूर शहर दोन भिन्न भूशास्त्रीय प्रदेशांच्या सीमेवर उभे आहे. पश्चिमेस दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, पूर्वेस त्याहून कितीतरी प्राचीन असे ग्नाइससारखे रूपांतरित खडक आणि या दोहोंच्या मध्ये कामठी, उमरेड या बाजूस कोळसा धारण करणारे गोंडवाना काळातील वालुकाश्म. वाडी, लाव्हा, हिंगणा या टेकड्या बेसाल्टच्या पूर्वेकडील शेवटच्या पायऱ्या आहेत. शून्य मैलाच्या दगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १०२० फूट म्हणजे ३११ मीटर आहे, तर वैनगंगेवरील गोसीखुर्द जलाशयाची पूर्ण संचय पातळी सुमारे २४५ मीटर आहे. एवढ्या मोठ्या प्रदेशात सत्तर मीटरांच्याही आत बसणारा हा उतार, आणि तो आग्नेयेकडे आहे.

खडकातील हा भेद मातीत उतरला आहे व मातीतून तो पिकांत आणि समाजात उतरला आहे. पश्चिमेकडील शेतकरी आपल्या जमिनीचे काळी, मोरंड, खरडी, बर्डी असे प्रकार सांगतो, तर भंडाऱ्याकडील शेतकरी कन्हार व मोरंडीबरोबर सिहार या पिवळसर, वाळूमिश्रित धानाच्या जमिनीचे नाव घेतो. वर्ध्याच्या खोऱ्यात कापूस व ज्वारी, वैनगंगेच्या खोऱ्यात धान व तलाव. एका बाजूस वऱ्हाडी बोली, दुसऱ्या बाजूस झाडीबोली. अर्थात ही विभागणी रेघ ओढावी तशी नाही. नागपूर जिल्हा स्वतःच दोन्ही खोऱ्यांत पसरलेला असल्याने येथे दोन्ही प्रकार मिसळलेले दिसतात.

या भूरचनेचा पद्धतशीर अभ्यास प्रथम करणारे म्हणून स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे नाव घ्यावे लागते. रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर व जीवाश्मांवर १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. नागपूरजवळील टाकळी येथील जीवाश्मांकडे जगाचे लक्ष त्यांच्यामुळे वेधले गेले. हिस्लॉप यांचा अंतही याच मैदानात झाला. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परत येत असताना पुराने फुगलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. ज्या भूमीचे खडक त्यांनी वाचले, तिच्या एका लहान ओढ्याचा अंदाज मात्र त्यांना आला नाही. मैदानातील नाले आठ महिने कोरडे असतात व पावसाळ्यात काही तासांत नदीचे रूप घेतात. हे वैशिष्ट्य पुढील विवेचनात पुन्हा पाहावे लागणार आहे.

प्राचीन वस्ती व जलविभाजक :

हिस्लॉप ज्या शिलावर्तुळांकडे गेले होते, ती वर्तुळे हा विदर्भाच्या लोहयुगाचा सर्वांत ठळक पुरावा आहे. नागपूर-काटोल मार्गावरील जुनापाणी येथे अशी सुमारे तीनशे वर्तुळे आढळतात. जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी तेथे १८६७ मध्ये खणून पाहिले. हे गृहस्थ मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त होते, हा योगायोग बोलका आहे. कापसासाठी काळी जमीन शोधत फिरणाऱ्या अधिकाऱ्यास पडीक खडकाळ जमिनीतील वर्तुळांनी मोहात पाडले. पुढे बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये जुनापाणी येथे, तर डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा व माहुरझरी येथे उत्खनने केली. हिंगण्याजवळील रायपूर येथेही अशीच वर्तुळे उजेडात आली.

वर्तुळांची ही स्थळे नकाशावर मांडल्यास एक गोष्ट जाणवते. जुनापाणी, माहुरझरी, रायपूर ही स्थळे वाडी-लाव्हा टेकड्यांच्या आसपास, दोन खोऱ्यांच्या सीमावर्ती उंचवट्यांवर आहेत. इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातील या लोकांनी मृतांसाठी बर्डी जमीन निवडली आणि काळी जमीन नांगरासाठी व गुरांसाठी राखली, असे अनुमान काढता येते. वर्तुळे रचण्यास लागणारे बेसाल्टचे धोंडेही तेथेच सहज उपलब्ध होते, हे कारणही नाकारता येत नाही. वस्त्या मात्र पाण्याजवळ होत्या. पेंच नदीकाठच्या नैकुंड येथे १९७७ ते १९८० या काळात झालेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. कुही तालुक्यातील अडम आणि वैनगंगेकाठची पवनी ही त्यानंतरच्या काळातील नगरे होत. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवरील बौद्ध स्तूपाचे उत्खनन नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये केले.

वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळील नगरधन होय. वाकाटक ताम्रपटांत 'बेण्णा' या नावाने जोडलेले प्रादेशिक विभाग येतात व ही बेण्णा म्हणजे वैनगंगा, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले आहे. येथे एक गंमत नमूद करण्यासारखी आहे. जलविभाजकाच्या पूर्वेकडील मोठी नदी वैनगंगा आणि पश्चिमेकडील लहान नदी वेणा, या दोहोंच्या नावांत एकच ध्वनी घुमतो. केवळ नामसाम्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, तरी स्थलनामांच्या अभ्यासकांनी या जोडीकडे लक्ष द्यावयास हवे.

नदी सीमा की टेकडी सीमा :

राज्यकर्त्यांनी मात्र सीमा म्हणून टेकडी न निवडता नेहमी नदी निवडली. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रम्' नाटकात विदर्भाचे राज्य यज्ञसेन व माधवसेन या दोघांत विभागले जाते व वरदा नदी, म्हणजे आजची वर्धा, ही सीमा ठरते. नाटक हा इतिहासाचा प्रत्यक्ष पुरावा नसला तरी नदीने राज्य तोडण्याची कल्पना किती जुनी आहे, हे त्यावरून समजते. १८२२ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड व नागपूरकर भोसल्यांचा मुलूख यांच्यातील सीमा वर्धा नदी हीच निश्चित झाली. पुढे वऱ्हाड व मध्य प्रांत यांच्यातही तीच सीमा राहिली आणि आज अमरावती व वर्धा हे जिल्हे त्याच प्रवाहाने वेगळे होतात. वास्तविक नदीच्या दोन्ही काठांची जमीन, पीक आणि पूर एकच असतात. पाण्याच्या दृष्टीने खरी सीमा जलविभाजकावर असते, पण तेथे कोणत्याही राज्याने आपला दगड रोवला नाही. वाडीवरून जाणारी अमरावतीची वाट ही सीमा अडथळ्याविना ओलांडते. बाजारगाव, कोंढाळी, तळेगाव असे मुक्काम घेत ती वर्धा नदी पार करून तिवसा-मोझरीकडे जाते.

या निवडीचा परिणाम केवळ नकाशापुरता राहिला नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील मोवाड हे गाव उद्ध्वस्त केले व २०४ लोक मृत्युमुखी पडले. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या पुराने भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत हाहाकार माजविला. त्या वेळी वरच्या बाजूस मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेल्या पाण्याचा वाटा मोठा होता. एका राज्यात उघडलेले दार दुसऱ्या राज्यातील गावाच्या उंबऱ्याशी लागते, हे खोऱ्याचे सत्य प्रशासकीय सीमांना ठाऊक नसते.

नाग नदी व शहर :

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने इ. स. १७०२ च्या सुमारास बारा लहान खेडी एकत्र करून नागपूर वसविले, ही बाब सुपरिचित आहे. ही खेडी नाग नदीच्या काठी होती. त्याचा उत्तराधिकारी चांद सुलतान याच्या काळात शहरास तट व जुम्मा तलाव लाभला. हाच आजचा गांधीसागर. पुढे पहिल्या रघुजी भोसल्यांच्या काळात सत्ता भोसल्यांकडे आली. गोंड राजांची दृष्टी येथे विशेष उल्लेखनीय वाटते. बारमाही पाण्याची कन्हान अवघ्या काही कोसांवर असताना त्यांनी लहानशा नाग नदीचे पाणी साठवून नगर उभारले. मोठी नदी पाणी देते, पण पूरही देते. लहान नदीला बांध घातला की ती राज्याच्या आवाक्यात राहते. इंग्रजांनी मात्र १८२१ मध्ये आपली छावणी कामठीस थेट कन्हानच्या काठी वसविली.

१८५४ मध्ये नागपूर संस्थान खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला व १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. वाढत्या शहराची तहान भागविण्यासाठी १८७० च्या दशकात अंबाझरीचे पाणी नळाने शहरात आणले गेले. म्हणजे वाडी-लाव्हा टेकड्यांवर पडणारा पाऊस काही दशके नागपूरकरांच्या घरातील पिण्याचे पाणी होता. पुढे गोरेवाडा, त्यानंतर कन्हान व अखेरीस पेंच असे शहर पाण्यासाठी उत्तरेकडे सरकत गेले. पेंचचे तोतलाडोह धरण १९८९ मध्ये पूर्ण झाले. शहराने आपल्या जवळच्या उगमाकडे पाठ फिरविली ती येथपासून. पेंचवरही पूर्ण विसंबता येत नाही, हे २०१९ च्या जुलै महिन्यात दिसले. वरच्या अंगास मध्य प्रदेशात चौराई धरण झालेले, त्यात पाऊस लांबलेला, त्यामुळे नागपुरात एक दिवसाआड पाणी द्यावे लागले.

दरम्यान अंबाझरीच्या वरच्या अंगास चित्र पालटले. १९६० च्या दशकात अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना आला, हिंगण्याची औद्योगिक वसाहत आली. महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर पण शहराच्या दाराशी, शिवाय मुंबई-कोलकाता महामार्गावर असल्यामुळे वाडीत मालवाहतुकीच्या कचेऱ्या व गोदामे वाढली. खेड्याची ग्रामपंचायत जाऊन नगर परिषद झाली. ज्या उतारावर पाणी मुरत होते तेथे छते व फरशा आल्या आणि ज्या नाल्यांतून पाणी तलावात येत होते त्यांतून सांडपाणीही येऊ लागले. तलावावर पसरणारी जलपर्णी ही त्याचीच खूण होय. पाणलोट क्षेत्र एका संस्थेकडे, औद्योगिक भाग दुसरीकडे, तलाव तिसरीकडे, अशी विभागणी असल्याने तलावाच्या तक्रारीचे उत्तर देण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उभा राहतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे या प्रश्नाने भयंकर रूप घेतले. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या दोन्ही काठांवरील वस्त्यांत झोपेतच पाणी शिरले. माणसे दगावली, हजारो घरांतील संसार चिखलात गेले. 'नाला' म्हणून ज्या प्रवाहाचा उल्लेख शहर करीत होते, तो एका रात्रीत नदी झाला. हिस्लॉप यांना बुडविणाऱ्या ओढ्यापासून एकशे साठ वर्षांनंतरही मैदानाचा स्वभाव बदललेला नाही. बदलले ते एवढेच की, त्या काळी ओढ्याच्या काठी घरे नव्हती.

तलावांचा धडा व खालचा प्रदेश :

वैनगंगेच्या खोऱ्यातील समाजाने हा स्वभाव ओळखून वेगळी रचना केली होती. भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने उतारावर एकाखाली एक तलाव व बोड्या बांधल्या. वरच्या तलावाचे जास्तीचे पाणी खालच्या तलावात जाई व प्रत्येक टप्प्यावर त्याचा वेग कमी होई. पूरनियंत्रण व धानाचे सिंचन ही दोन्ही कामे त्यातून साधत. मालगुजारी पद्धतीत या तलावांची देखभाल गावाच्या व्यवस्थेचा भाग होती. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. जुलमी मध्यस्थ गेला हे इष्टच झाले, परंतु तलाव शासनाकडे गेले आणि त्यांचा गाळ काढण्याची गावाची शिस्त सैल झाली. आज सरकारी कागदांत त्यांना माजी मालगुजारी तलाव व लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' म्हणतात. वाडीच्या नाल्यांवर अशी तलावांची साखळी असती तर अंबाझरीवरील भार हलका झाला असता, असे म्हणण्यास वाव आहे. बेसाल्टच्या तीव्र उतारावर ती रचना जशीच्या तशी उतरणार नाही, हेही तितकेच खरे.

वाडीहून निघालेल्या पाण्याचा पुढील प्रवास अधिक अस्वस्थ करणारा आहे. नाग नदी शहराचे सांडपाणी घेऊन पिवळी नदीसह कन्हानला मिळते. कन्हान आंभोरा येथे वैनगंगेस मिळते. हे पंचनद्यांच्या संगमाचे तीर्थ होय. आद्यकवी मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' येथे रचला असे एक परंपरा मानते. आज हा संगम गोसीखुर्द जलाशयाच्या फुगवट्यात आहे. या प्रकल्पाचे भूमिपूजन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झाले व २००८ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. कुही, भिवापूर, पवनी तालुक्यांतील गावे त्यासाठी उठली. नागपूरच्या सांडपाण्याचा शेवटचा मुक्काम हाच जलाशय असल्याने काठच्या गावांतून दूषित पाण्याच्या तक्रारी सातत्याने होत आल्या आहेत. नाग नदीच्या प्रदूषण निर्मूलनाच्या १९०० कोटी रुपयांहून मोठ्या प्रकल्पाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात झाली. प्रकल्पाच्या नावात शहर व नदी आहे, पण त्याचे यशापयश मोजावयाचे ते आंभोऱ्याच्या घाटावर.

आता याच गोसीखुर्दचे पाणी जलविभाजक ओलांडून पश्चिमेकडे नेण्याची योजना पुढे आली आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पास राज्य शासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली. सुमारे ४२६ किलोमीटर लांबीचा हा कालवा वैनगंगेचे पाणी नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला असे करीत बुलढाणा जिल्ह्यातील नळगंगेपर्यंत नेणार आहे. निसर्गाने लाव्ह्याच्या टेकडीवर पाण्याचे जे दोन वाटे केले, ते या कालव्याने प्रथमच माणसाच्या हाताने मिसळतील. वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्यास त्याची गरज आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र कालव्यातून जाणारे पाणी तेच असेल, जे वाडीच्या गोदामांच्या छतांवरून, अंबाझरीच्या सांडव्यावरून व नागपूरच्या सर्व वस्त्यांमधून वाहत खाली आलेले आहे. कुही तालुक्यातील विस्थापित गावांनी त्या पाण्यासाठी आपली जमीन दिली आणि त्याच पाण्याचा वास सहन केला. कालव्याच्या आराखड्यात या गावांच्या वाट्याला काय येणार, याची मागणी तेथील ग्रामसभांतून आधीच होऊ लागल्यास नवल नाही.